बॅटरी उतरली की: जंप स्टार्टची उसनवारी, चार चिमटे आणि त्यांचा क्रम

किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले, बोनेटखालून 'कट-कट-कट' आवाज आला आणि इंजिन जागचं हललं नाही. खानदेशात याचं निदान एका वाक्यात होतं: 'भाऊ, बॅटरी उतरी गयी.' बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पुढचा उपायही ठरलेला असतो, चार पोरं बोलवा आणि लोटा. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे चालून जायचं. आताच्या गाड्यांत ते कधी चालतं, कधी चालत नाही आणि कधी महागात पडतं.

जंप स्टार्ट म्हणजे हातउसनी वीज. शेजारच्या गाडीच्या चांगल्या बॅटरीतून काही सेकंदांपुरती वीज मागायची आणि आपला स्टार्टर फिरवायचा. इंजिन एकदा पकडलं की डायनामो, म्हणजे आजचा अल्टरनेटर, गाडीला लागणारी वीज तयार करू लागतो. काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण उसनवारी फेडावी लागते आणि मुळात ती करायची वेळ का आली हेही शोधावं लागतं. बहुतेक जण या दोन गोष्टी विसरतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा केबल शोधत फिरतात.

आधी आवाज ऐका

केबल काढण्याआधी दोन मिनिटं गाडीचं ऐकून घ्या. भराभर कट-कट आवाज येत असेल आणि त्याच वेळी केबिनचा दिवा मंद होत असेल, तर बॅटरीत जीव कमी आहे. जंप स्टार्ट इथे लागू पडतो. एकच जाड 'टक्' आला आणि दिवे तसेच लख्ख राहिले, तर संशय स्टार्टरवर घ्या. त्याचा सोलेनॉइड, म्हणजे त्याला वीज जोडणारा चुंबकी स्विच, किंवा आतले कार्बन ब्रश गेले असतील. शेजारची बॅटरी लावून उपयोग नाही. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, म्हणजे बॅटरी ठीक आहे. डिझेल-पेट्रोल पोचत नसेल, नाहीतर डॅशवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल, म्हणजे इमोबिलायझरने किल्ली ओळखलेली नाही.

काहीच होत नाही, एकही दिवा लागत नाही, तर आधी टर्मिनल हाताने फिरवून बघा. हाताने फिरलं तर ते ढिलं आहे. बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्याने नट आवळला की विषय संपतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर तीही वीज अडवते. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ती धुऊन काढा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून, घट्ट बसवून, मग वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. नट आवळण्याआधी आत ग्रीस भरायची सवय चुकीची. शिसं शिशाला टेकलं पाहिजे.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचं छोटं यंत्र, असेल तर अंदाज बांधायची गरजच नाही. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली गेली म्हणजे उतरलेली. कुणी सेल्फ मारत असताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली किंवा रिकामी आहे. १०.५ च्या आसपास आकडा अडकून बसला आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल मेलेला समजा. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. एक वजा केला की हाच आकडा उरतो.

उन्हाळ्यात मरते, हिवाळ्यात कळते

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बोनेटखाली इंजिनच्या शेजारी बसलेल्या बॅटरीला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं. बॅटरीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते. पाणी उडतं, प्लेटांच्या जाळ्या गंजतात, पण गरम हवेत इंजिन हलकं फिरत असल्याने कमजोरी झाकली जाते. मग डिसेंबरात धुळ्याकडे पारा १० च्या खाली उतरला, इंजिनातलं ऑइल जड झालं, की पहाटे सहाला बॅटरी मान टाकते. लोक थंडीला दोष देतात. घाव मे महिन्यातच बसलेला असतो.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाणी बघा. प्लेटांच्या वर बोटभर पाणी हवं. फक्त डिस्टिल वॉटर घाला. बोअरचं, विहिरीचं, 'आमचं पाणी गोड आहे' असलं कुठलंच नको. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचून ड्रिपर कसे बंद होतात आणि मग ॲसिड सोडून ते साफ करावे लागतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तेच क्षार बॅटरीत गेले तर साफ करायची सोय नाही.

दुसरं कारण आपण स्वतः. लग्नसराईत गाडी मांडवाबाहेर चार तास उभी, दारं उघडी, गाणी चालू, ब्लोअर चालू, इंजिन बंद. किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत गाडी लावली आणि पार्किंग लाइट राहून गेले. पार्किंगचे आणि नंबर प्लेटचे बल्ब मिळून दोन-अडीच अँपिअर खातात. एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास, म्हणजे बारा तासांत २४ ते ३० अँपिअर-तास गेले. लहान पेट्रोल गाडीची पूर्ण बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची असते. जुन्या हॅलोजनच्या हेडलाइट राहिल्या तर तीन-चार तासांतच काम तमाम. गंमत अशी की सेल्फ मारायला फार वीज लागतच नाही. १५० अँपिअर तीन सेकंद, म्हणजे अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा. वीज थोडी लागते, पण ती एकदम आणि जोरात लागते. उतरलेल्या बॅटरीला तो जोरच देता येत नाही.

केबल: जाडी आतली बघा, वरची नाही

घरातली इस्त्री पाच अँपिअरही घेत नाही. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेल गाडीचा २०० ते ४००. म्हणून मोटर पंपाची वायर सोलून काम भागत नाही.

हिशेब करून बघा. अडीच मीटरच्या दोन केबल, म्हणजे जाऊन-येऊन पाच मीटर तांबं. ६ चौरस मिलिमीटरची तार असेल आणि १५० अँपिअर वाहत असतील, तर केबलमध्येच २ व्होल्टपेक्षा जास्त गळून जातात. १२ मधले २ रस्त्यातच गेले, स्टार्टरला उरलं काय? १६ चौरस मिलिमीटर घेतली तर गळती ०.८ व्होल्टवर येते. लहान पेट्रोल गाडीला १६ पुरते. बोलेरो, इनोव्हा, स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाड्यांना २५ चौरस मिलिमीटर तरी घ्या. बाजारात अंगठ्याएवढी जाड दिसणारी, पाकिटावर '१००० अँपिअर' छापलेली स्वस्त केबल मिळते. टोकाशी रबर जरा मागे सारून बघा. आत पेन्सिलीच्या शिशाएवढीच तार असेल आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, तर दुकानदाराला परत द्या. तोलून बघितलं तरी हलकेपणा हाताला कळतो.

चिमटेही नीट बघा. पुष्कळशा चिमट्यांत केबल एकाच जबड्याला जोडलेली असते. दुसरा जबडा नुसता पकडायला. जोडलेला जबडा शिशाच्या खांबाला घासून, दात रुतवून बसला पाहिजे. उलटा लावला तर वीज चिमट्याच्या स्प्रिंगमधून वाट काढते, स्प्रिंग तापते आणि गाडी काही सुरू होत नाही. 'केबल लावली तरी चालू होत नाही' या तक्रारीत दोष चिमट्याच्या या उलटसुलट बसण्याचाही असू शकतो.

वीज कुणाकडून मागायची

देणारी गाडी १२ व्होल्टची हवी आणि तिची बॅटरी तुमच्या गाडीच्या बॅटरीएवढी किंवा मोठी हवी. अल्टोकडून स्कॉर्पिओ सुरू करायला गेलात तर दोन्ही गाड्या ढकलायची वेळ येईल.

रस्त्यात पहिला थांबतो तो बहुतेक वेळा ट्रकवाला. सावदा-रावेरकडून केळी भरून निघालेला ड्रायव्हर भला माणूस असतो, म्हणतो, 'लावा केबल.' हात जोडून नाही म्हणा. ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. २४ व्होल्ट तुमच्या गाडीत शिरले तर इंजिनचा कंट्रोल युनिट, एअरबॅगचं मॉड्यूल, म्युझिक सिस्टिम, जे वाटेत येईल ते जाईल. त्यातली एकच बॅटरी धरून १२ व्होल्ट घेता येतात हे खरं, पण अंधारात, हायवेच्या कडेला, केबलच्या जंजाळात कोणती कुठली हे ओळखायची पैज लावू नका.

त्यापेक्षा ट्रॅक्टर बघा. शेतातले नेहमीचे ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात आणि त्यांची बॅटरी साधारण ७५ ते १०० अँपिअर-तासांची असते. खानदेशात कुठल्याही रस्त्यावर दहा मिनिटांत एखादा ट्रॅक्टर भेटतोच. एकच बॅटरी आहे ना आणि तिच्यावर १२ व्होल्ट लिहिलंय ना, एवढं बघून घ्या. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप हीही १२ व्होल्टचीच.

दारात गाडी अडकली तर घरातल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी वेळ भागवते. ती हळूहळू वीज द्यायला बनवलेली असते, झटक्याने द्यायला नव्हे, तरी लहान पेट्रोल गाडी सुरू करण्याइतका दम तिच्यात असतो. आधी इन्व्हर्टर बंद करा, त्याच्या दोन्ही वायरी बॅटरीवरून सोडवा, मगच केबल लावा. पन्नास-साठ किलोचं ते धूड दोघांनी उचला आणि आडवं करू नका, आत ॲसिड आहे. मोटारसायकलच्या बॅटरीच्या नादी लागू नका. सोलर पंपाच्या पॅनेललाही केबल लावायची नाही, त्याचं व्होल्टेज वेगळं असतं.

इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तीही उतरते. पण तिच्याकडून दुसऱ्या गाडीला वीज देऊ नका. बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये याला साफ मनाई करतात.

चार चिमटे

बॅटरी फुगली असेल, तडकली असेल, ॲसिड गळत असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर इथेच थांबा. अशा बॅटरीला केबल लावायची नाही, मेस्त्रीला बोलवा.

सगळं ठीक असेल तर गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या करा, पण पत्रा पत्र्याला टेकता कामा नये. दोन्ही गाड्या न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगला, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बंद, दिवे-एसी-गाणी बंद. हायवेवर असाल तर लाल त्रिकोण बराच मागे ठेवा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. लाल चिमटा आणि पत्रा यांच्यामध्ये कडं आलं तर ते क्षणात लाल होतं. उन्हासाठी तोंडाला बांधलेला गमछा किंवा स्कार्फ सोडून गाडीत ठेवा. बोनेटखाली वाकल्यावर त्याचं टोक पट्ट्यात जातं, आणि रेडिएटरचा पंखा तर सांगून सुरू होत नाही. विडी-सिगारेट अर्थातच नाही.

पहिला चिमटा लाल: उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर. प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो, वर लाल टोपी असते आणि शेजारी + कोरलेलं असतं. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. एखाद्या मेस्त्रीने काळी वायर प्लसला लावून दिलेली असू शकते. चिन्ह बघा.

दुसरा चिमटा, लाल केबलचंच दुसरं टोक: चांगल्या बॅटरीच्या प्लसवर.

तिसरा काळा: चांगल्या बॅटरीच्या मायनसवर.

चौथा चिमटा लोक चुकतात. तो उतरलेल्या बॅटरीच्या मायनसवर लावायचा नाही. त्याच गाडीच्या इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर लावायचा, बॅटरीपासून शक्य तेवढा लांब. इंजिन उचलायचा हुक किंवा इंजिनच्या ब्लॉकवरचा जाड बोल्ट उत्तम. कारण असं, की हा चौथा चिमटा टेकताना सर्किट पूर्ण होतं आणि ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि हवेत तो ४ टक्के मिसळला तरी पेट घेतो. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडाली तर झाकण फुटून ॲसिड तोंडावर येऊ शकतं. हातभर लांब उडाली तर नुसतं 'चट्' होतं. पेट्रोलच्या पाइपवर, रंगवलेल्या पत्र्यावर किंवा फिरणाऱ्या भागाशेजारी चिमटा नको. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवरच बॅटरीची नोंद ठेवणारा छोटा सेन्सर असतो. थेट मायनसवर चिमटा लावला तर त्याची नोंद चुकते, म्हणूनही ही जागा बरी. डोळ्यात ॲसिड गेलंच तर निदान पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार धरा आणि मग डॉक्टरकडे जा.

काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते. तिथे बोनेटमध्ये लाल झाकणाचा वेगळा खांब दिलेला असतो आणि अर्थसाठी वेगळा बोल्ट. मॅन्युअलच्या 'आणीबाणी' विभागात चित्र असतं, ते एकदा घरी बसून बघून ठेवा.

आता चांगली गाडी सुरू करा आणि एक्सलेटर किंचित धरून १५०० ते २००० आरपीएमवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. हा वेळ वाचवू नका. एवढ्यात उतरलेल्या बॅटरीत थोडी वीज जाते आणि स्टार्टरचा सगळा भार केबलवर पडत नाही. काही कंपन्या सांगतात, की सेल्फ मारताना देणारी गाडी बंद करा. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तेच पाळा.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापून जळतो. नाहीच झाली, तर चिमटे जागेवर थोडे फिरवून दात पुन्हा रुतवा, चौथ्या चिमट्याची जागा बदला, आणखी पाच मिनिटं चार्ज होऊ द्या. तीन-चार प्रयत्नांनंतरही तोच आवाज, तर दोष बॅटरीपलीकडे आहे किंवा तिचा सेल शॉर्ट झालाय. मग हट्ट नको.

गाडी सुरू झाली की लगेच केबल उपटू नका. दोन-तीन मिनिटं दोन्ही इंजिनं चालू ठेवा. सुरू झालेल्या गाडीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा, म्हणजे केबल सुटताना येणारा व्होल्टेजचा झटका तिथे जिरतो. मग उलट्या क्रमाने: आधी इंजिनवरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग तिचा लाल, शेवटी आपला लाल. एक टोक लागलेलं असताना सुटलेले चिमटे एकमेकांना किंवा पत्र्याला टेकू देऊ नका.

आणि केबल उलटी लागली तर? मोठा खर्च एकदम अंगावर येतो: अल्टरनेटरचे डायोड, मुख्य फ्यूज, नशीब वाईट असेल तर कंट्रोल युनिट. कधी फक्त मोठा फ्यूज उडून गाडी वाचते. तो बॅटरीशेजारच्या डब्यात, ८० ते १२० अँपिअरचा असतो. तिथून पुढे काम गॅरेजचं.

लोटायचीच असेल तर

धक्का स्टार्ट फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीला. एएमटी, सीव्हीटी, कुठलीही ऑटोमॅटिक असेल तर पोरांना चहा पाजून परत पाठवा. मॅन्युअल गाडीतही डॅशचे दिवे लागत असतील तरच प्रयत्न करा. फ्युएल पंप, इंजेक्टर, कंट्रोल युनिट यांना बॅटरीतून थोडी तरी वीज लागते. पार मेलेल्या बॅटरीवर गाडी सारंगखेड्यापासून शहाद्यापर्यंत लोटली तरी सुरू होणार नाही. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. गाडी माणसाच्या पळण्याच्या वेगात आली की क्लच झटक्यात सोडा आणि पकडताच पुन्हा दाबा. पहिल्या गिअरमध्ये चाकं अडकतात आणि गाडी गचकन थांबते. पेट्रोल गाडीत हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

तोरणमाळला किंवा कन्नड घाटात उतार बघून मोह होतो, 'सोडून देऊ खाली, होईल चालू.' इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड. गाडी सुरू नाही झाली तर ती घाटात तुमच्या हातात राहणार नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावरच लोटा.

या 'धक्का स्टार्ट'ने मराठीला एक झकास शिवीही दिली आहे. सकाळी तीन वेळा सांगितल्याशिवाय न उठणारा पोरगा म्हणजे धक्का स्टार्ट. न सांगता कामाला लागणारा म्हणजे सेल्फवरचा. दमलेल्याची 'बॅटरी डाऊन' असते, त्यात दोष नसतो.  'जंप स्टार्ट' मात्र बातम्यांतून आला: 'बांधकाम क्षेत्राला जंप स्टार्ट', 'रखडलेल्या प्रकल्पाला जंप स्टार्ट'. वापरायला हरकत नाही, पण बोनेटखालचा अर्थ धरून वापरावा. इंजिन धड आहे, टाकीत डिझेल आहे, फक्त पहिल्या फिरकीची ताकद नाही. ती बाहेरून थोडा वेळ मिळाली आणि मग गाडी आपल्या जिवावर निघाली, तर तो जंप स्टार्ट. दर वर्षी पॅकेज घेणारा बंद कारखाना म्हणजे केबल लावूनच रस्त्यावर फिरणारी गाडी. तिथे हा शब्द बसत नाही. आधीच आत ताकद असेल आणि हलकासा रेटा दिला, तर जुना 'चालना देणे' अधिक नेमका. मरणाऱ्याला वाचवलं तर 'संजीवनी'. मोटार शर्यतीच्या बातमीत सावध राहा: तिथे जंप स्टार्ट म्हणजे सिग्नल मिळायच्या आधीच सुटणं आणि त्याला दंड होतो. तिथे 'शर्यतीला नवी ऊर्जा' असं भाषांतर करणारा फसतो.

उसनं फेडणं

सुरू झालेली गाडी पानटपरीवर बंद करू नका. उभी ठेवून गुरगुरत ठेवण्यापेक्षा चालवा. आयडलवर अल्टरनेटर पूर्ण वीज देत नाही. जळगावहून भुसावळ, साधारण पंचवीस किलोमीटर, एसी आणि हेडलाइट बंद ठेवून गेलात तर पुन्हा सेल्फ मारण्याइतकी बेगमी होते. बॅटरी भरत मात्र नाही. पार उतरलेली बॅटरी भरायला चार्जरच लागतो. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ३५ अँपिअर-तासांना साडेतीन अँपिअरने, रात्रभर. बॅटरीवाल्याकडे देणार असाल तर 'बूस्ट नको, हळू चार्ज करा' असं सांगा. झाकणाची बॅटरी असेल तर त्याला प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, टाकायला लावा. भरलेल्या बॅटरीत १.२४ ते १.२८ असा आकडा येतो. पाच सेल सारखे आणि एक ०.०५ ने खाली, तर तो सेल गेला.

मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक. १३ च्या खाली राहिला तर चार्जिंग होत नाही: पट्टा ढिला, ब्रश झिजलेले किंवा डायोड गेलेला. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात. तिथे हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

दोन्ही चांगले असूनही दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते, तर गाडीत चोर आहे. गाडी बंद करा, दारं लावा, बोनेट उघडं ठेवा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मायनस टर्मिनल आणि त्याची वायर यांच्यामध्ये जोडा. अशा वेळी किल्ली फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज जातो. पाऊण तास थांबा, कारण गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. मग ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. ३०० दिसला तर दिवसाला ७ अँपिअर-तास गळतायत. फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजवर आकडा धप्पकन पडेल, चोर त्या वायरीवर. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला असतो: डॅशकॅम, जीपीएस, डिकीतला ॲम्प्लिफायर.

बॅटरी बदलायचीच ठरली तर प्लस डावीकडे की उजवीकडे हे जुनीवर बघून घ्या, नाहीतर वायर पोचत नाही. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिच्यासाठीच बनवलेल्या ईएफबी किंवा एजीएम याच जातीची घ्या. साधी बसवली तर लवकर मरते. जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका, नवीच्या बदल्यात दुकानात द्या. तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. नवी बसली की केबल डिकीतच राहू द्या, पण लिथियमचा खिशातला जंप स्टार्टर मे महिन्यात गाडीत सोडू नका. बंद गाडीच्या आतल्या उन्हात त्याचे सेल फुगतात. तो घरात ठेवा आणि तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा.